टेक्सास वेस्टर्नचा विजय मोठाच, पण ‘पहिला’ कशातला?

‘१९६६ मध्ये टेक्सास वेस्टर्न जिंकेपर्यंत अमेरिकी विद्यापीठ बास्केटबॉलच्या विजेत्या संघात एकही कृष्णवर्णीय नव्हता’ असा मजकूर टेक्सास वेस्टर्न या कॉलेजच्या संघाबद्दल सध्या फिरतोय. हे खरं नाही. बिल रसेल आणि के. सी. जोन्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने १९५५ आणि १९५६, अशी सलग दोन वर्षं एनसीएए (अमेरिकी विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा) विजेतेपद पटकावलं होतं. १९६३च्या विजेत्या लोयोला शिकागोच्या सुरुवातीच्या पाचांत तर चौघे कृष्णवर्णीय होते.

मग १९ मार्च १९६६ला नवं काय घडलं? अंतिम सामन्यात पहिल्यांदाच पाचही कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीला उतरले आणि जिंकले. समोर होता केंटकीचा संपूर्ण गोरा संघ. निकाल ७२-६५. बॉबी जो हिलचे एकट्याचे २० गुण.

गंमत म्हणजे बास्केट केंटकीने जास्त केले, २७ विरुद्ध २२. पण टेक्सास वेस्टर्नने ३४ पैकी २८ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे, एकेका गुणाचे मोफत फेक) मारले, तिथेच सामना फिरला. कौशल्याने नाही, नुसत्या ‘उड्या मारून जिंकले’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा.

आणखी एक. प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनीच तिथे कृष्णवर्णीयांना पहिल्यांदा संघात घेतलं, असंही सांगतात. तेही चूक. हॅस्किन्स आले १९६१ साली. कृष्णवर्णीय खेळाडू चार्ली ब्राउन १९५६पासूनच तिथे खेळत होता. ‘टेक्सास वेस्टर्न’ आज शोधून सापडत नसेल, तर ‘टेक्सास विद्यापीठ, एल पासो’ बघा. १९६७ मध्ये नाव बदललंय.