गाणी काय, कधीही ऐकता येतील

आपल्या बँडने स्टेडियमचा दौरा जाहीर केला की पूर्वी लोक जुने अल्बम काढून ऐकत बसायचे. बिचारे. वेळ घालवायला दुसरं काही नव्हतं त्यांच्याकडे. तुमच्याकडे तिकिटांच्या साइटवर स्टेडियमचा नकाशा आहे आणि त्यात न विकलेली प्रत्येक खुर्ची निळा ठिपका होऊन चमकते आहे. ठिपके मोजा.

ही विद्या मी गेल्या चार महिन्यांत शिकलो. आमचा न्यू जर्सीतल्या मराठी रॉकवेड्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. बँडचं नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही हे वाचायचं सोडून आधी नकाशा उघडाल. कार्यक्रम ईस्ट रदरफर्डला मेटलाइफ स्टेडियमवर होता, गेल्या शनिवारी झाला. त्या आठवड्याच्या सोमवारी मी ग्रुपवर विचारलं होतं की सिकॉकस स्टेशनहून स्टेडियमला रेल्वेगाडी मिळते का, की एडिसनहून कारच काढावी? उत्तरादाखल सेक्शन ३३८ चे तीन स्क्रीनशॉट आले. तेव्हा पुढच्या सूचना अनुभवाच्या आहेत, त्या जपून ठेवा.

सुरुवात सकाळी करावी. चहाला उकळी यायच्या आत नकाशा उघडावा, कालच्याशी ताडून बघावा आणि टाकावं, ‘काल १,१४०, आज १,१२२. रात्रीत फक्त अठरा गेली. अवघड आहे.’ हे ‘अवघड आहे’ विसरू नका. घरातलं माणूस आयसीयूत आहे आणि डॉक्टर नीट बोलत नाहीयेत, अशा सुरात ते यायला हवं.

मग एखादा शहाणा मध्ये पडेल. म्हणेल, अरे, नकाशात दिसतं ते सगळं खरं नसतं. स्टेज आणि स्पीकरचे मनोरे कुठे बसतात ते नक्की झाल्यावर सोडायच्या खुर्च्या वेगळ्या काढलेल्या असतात. काही प्रायोजकांच्या असतात, काही आयोजकाने मुद्दाम झाकलेल्या असतात. कुणी घेतलेलं तिकीट पुन्हा विकायला काढलं की तेही दिसायला लागतं. साडेब्याऐंशी हजारांचं स्टेडियम असलं तरी एका टोकाला स्टेज बांधलं की त्यामागचा भाग बहुतेक वेळा विकायलाच काढत नाहीत. या माणसाचं सगळं बरोबर आहे. म्हणून त्याला ‘मनाची समजूत घालतोयस’ एवढंच म्हणा आणि पुढे चला.

(मी मूळचा ठाण्याचा. गडकरी रंगायतनच्या खिडकीवर नाटकाचा प्लॅन असायचा, कागदाचा. आतला माणूस विकल्या गेलेल्या चौकोनावर पेन्सिलीने फुली मारायचा. प्लॅन उघडायच्या दिवशी आपण पहिले जरी पोचलो, तरी पुढच्या रांगांत आधीच फुल्या. त्या कुणाच्या, हे विचारायचं नसतं एवढं सातवीतल्या पोरालाही कळायचं. इथे एमबीए केलेल्यांना कळत नाही.)

निदान करताना तीनच कारणं वापरा. बँड म्हातारा झाला. नवा अल्बम पडला. आणि तिसरं, ‘त्या दुसऱ्यांची बघ, दोन मिनिटांत गेली.’ चौथं कारण काढायचं नाही. त्यावर येतोच.

इतिहासाचा दाखला द्यावा, पण अर्धा. आयरिश बँड यूटूचा १९९७ चा पॉपमार्ट दौरा यासाठी फार सोयीचा. न्यूयॉर्कमधल्या केमार्टच्या दुकानात, बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या विभागात पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलेला, स्टेजवर चाळीस फुटी लिंबू, ज्यातून बँड बाहेर यायचा, आणि अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत खुर्च्या ओस. इथे थांबा. त्याच दौऱ्यात २० सप्टेंबरला इटलीत रेज्जो एमिलियाला दीड लाखाच्या घरात माणूस लोटला, तीन दिवसांनी युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सारायेवोत त्यांनी कोशेव्हो स्टेडियमवर वाजवलं, हे सांगू नका. ज्यांचं १९९७ मध्ये संपलं होतं त्यांना २०१९ च्या डिसेंबरात माझा धाकटा भाऊ नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऐकून आला, हे तर मुळीच नको. ऑस्लोत ते लिंबू उघडेना आणि चौघं आत अडकले, ते मात्र जरूर सांगा. तेवढाच हशा.

बँडच्या पैशाची काळजी वाहा. एवढ्या मोठ्या दौऱ्यात आयोजक बँडला बहुधा ठरावीक रकमेची हमी आधीच देतो आणि खड्डा पडला तर त्याच्या खिशाला पडतो, हा तपशील बाजूला ठेवा. तुमच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत, बेसमेंटमध्ये पाणी येतंय, पण गिटारवाल्याचं कसं होणार या विचाराने तुम्हाला झोप लागता कामा नये.

पाऊस आला तर तोही विक्रीवर ढकलावा.

गर्दी झालीच, तर पास वाटले म्हणावं. शिवाजी मंदिरपासून चालत आलेलं वाक्य आहे, इथेही चालतं.

आता चौथं कारण. किंमत. हा शब्द ग्रुपवर काढायचा नाही. काढलात तर तुम्ही खरे फॅन नाही. मी काढला.

माझी हकीकत ऐका. फॅन लोकांसाठी वेगळी विक्री, आधी नाव नोंदवा, कोड येईल, तो आलेल्यांनाच रांगेत जागा. म्हणजे प्रेम असल्याचा दाखला द्यायचा. दिला. ऑफिसची मीटिंग म्यूट करून नव्वद मिनिटं त्या आभासी रांगेत उभा राहिलो. पुढे एकवीस हजार माणसं. नंबर लागला, दोन खुर्च्या निवडल्या, कार्ड काढेपर्यंत भाव बदलला. ‘मागणीनुसार’ म्हणे. वरच्या मजल्यावर, जिथून ड्रमवाला मोहरीएवढा दिसतो, तिथल्या दोन खुर्च्या ३१८ डॉलरला एक अशा घेतल्या. एक माझी, एक मुलीची. तिचा पहिला कार्यक्रम. कार्यक्रमाच्या अकरा दिवस आधी त्याच रांगेतली खुर्ची ५९ डॉलरला. मागणीनुसार भाव चढतो तेव्हा तो माझ्याकडून लगेच वसूल होतो, उतरतो तेव्हा मला फरक परत मिळत नाही. जो सर्वांत आधी आला, त्यालाच सर्वांत जास्त कापलं. आमच्याकडे थिएटरबाहेर ‘दस का बीस, दस का बीस’ पुटपुटणारा पोरगा हवालदार दिसला की पळायचा. त्याला निदान आपण काय करतोय ते माहीत होतं. इथे तेच काम साइट उजळ माथ्याने करते आणि वर विचारते, अनुभवाला किती तारे द्याल? गेल्या वर्षीच्या मे महिन्याच्या आधीपर्यंत तर चार्जेस शेवटच्या पानावर उगवायचे. १२ मे २०२५ पासून इथल्या नियमाने सगळी रक्कम सुरुवातीलाच दाखवावी लागते, त्यामुळे आता एकदाच दुखतं.

हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, ‘मग घ्यायचं नाही. खरा फॅन भाव करत नाही.’ आणि त्याखाली त्याच गृहस्थाचा पुढचा मेसेज, ‘सेक्शन ३४१ अजून पूर्ण निळा. लोकांना झालंय काय?’

लोकांना काय झालंय! त्यांनी भाव बघितलाय.

मला दोन खुर्च्यांमागे जास्तीच्या गेलेल्या त्या ५१८ डॉलरचा राग नाही. खोटं बोललो, त्याचाही आहे. पण जास्त राग याचा, की बँडला हे विचारायची कुणाची छाती नाही. बँडला बोलता येतं. १९९४ मध्ये पर्ल जॅम या अमेरिकी बँडमधले दोघे तिकिटांच्या तक्रारीवर अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला बसले, त्या उन्हाळ्याच्या दौऱ्यावर पाणी सोडलं. २०२३ मध्ये द क्युअर या इंग्लिश बँडने तिकिटं २० डॉलरपासून ठेवली, तर काही ठिकाणी वरचे चार्जेसच तिकिटाहून जास्त झाले. त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथने जाहीर बोंब ठोकली, आणि तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीला स्वस्तातल्या तिकिटांमागे १० व बाकीच्यांमागे ५ डॉलर परत करावे लागले. आमच्या बँडने काय केलं? दोन नवे टी-शर्ट काढले. पण ग्रुपवर खापर कुणावर, तर न आलेल्यांवर. ‘हल्लीच्या पोरांना रॉक कळत नाही.’ हल्लीच्या पोरांकडे ३१८ डॉलर नाहीत, काका.

शेवटची सूचना प्रत्यक्ष मैदानातली. कार्यक्रमाला जाच, पण स्टेजकडे बघू नका.

शनिवारी तिसरं की चौथं गाणं संपलं, दिवे मंदावले आणि ते गाणं सुरू झालं जे मी दहावीच्या सुट्टीत मुंबईच्या ऱ्हिदम हाउसमधून आणलेल्या कॅसेटवर टेप ताणला जाईपर्यंत ऐकलंय. नुसती गिटार आणि आवाज. एवढं मोठं स्टेडियम, पण माणूस खोकला तर ऐकू यावा. आमच्यापुढे दोन रांगा सोडून एक जण उठला, स्टेजकडे पाठ केली, मोबाइल वर धरला आणि आमच्या डोक्यावरून वरच्या रिकाम्या खुर्च्यांचं सावकाश, डावीकडून उजवीकडे चित्रण करायला लागला. मुलीने माझी बाही ओढली. ‘बाबा, ते काका तिकडे काय बघतायत? तिकडे कोण आहे?’

तिकडे कोणी नव्हतं. तेच बघत होते ते.

गाणं संपायच्या आत माझा फोन थरथरला. ग्रुपवर व्हिडिओ. ‘बघा, मी म्हणालो नव्हतो?’ आमचाच माणूस! त्याखाली सतरा अंगठे, त्यातले पाच स्टेडियममध्ये बसलेल्यांचे.

अहो, लाज वाटत नाही? पैसे मोजून आत आलात, ज्यांच्यासाठी आलात ते समोर वाजवतायत, साठीची माणसं घाम गाळतायत, आणि तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून उभे? खुर्च्या रिकाम्या निघाल्या म्हणून आनंद कसला होतो हो तुम्हाला? तुम्ही आयोजक नाही, तुमचे शेअर्स नाहीत, तुम्हाला कुणी हिशेब मागितलेला नाही. लोक का आले नाहीत याची चार महिने चर्चा केलीत आणि जो आला त्याला एका शब्दाने विचारलं नाहीत की बाबा, कसा पोचणार आहेस, येतोस का आमच्या गाडीतून. सेक्शन ३४१ ची चिंता वाहणाऱ्यांपैकी एकाने तरी तिथलं ५९ डॉलरचं तिकीट घेऊन एखाद्या कॉलेजच्या पोराला दिलं का? शेजारच्या खुर्चीवरची माझी पोरगी शब्द माहीत नसताना गात होती. तिचा व्हिडिओ कुणी काढला नाही. मीही नाही, मी तुमचा मेसेज वाचत होतो. गाढव मीच.

ग्रुप सोडलाय. आणि हो, सिकॉकसहून स्टेडियमला गाडी सोडतात, मोठ्या कार्यक्रमांच्या दिवशी. आम्ही तिनेच गेलो. परतीला फलाटावर दाटी असते, लहान मूल बरोबर असेल तर शेवटच्या गाण्याआधी पाण्याची बाटली भरून ठेवा. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर सांगा त्याला.