एलीने शमुवेलाला काय सांगितलं नाही

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

आपल्या मंडळ्यांमध्ये एक गोष्ट वाढत चालली आहे आणि तिच्याबद्दल आता उघड बोललं पाहिजे. कॉलेजची मुलं-मुली उपास-प्रार्थनेला, शिबिराला येतात. बाहेरून आलेले एखादे सेवक प्रार्थना करता करता कुणाच्या तरी डोक्यावर हात ठेवतात आणि सर्वांसमोर सांगतात, "प्रभू मला दाखवतोय, तुला पूर्णवेळ सेवेचं पाचारण आहे." हालेलूया होतं, आईच्या डोळ्यांना पाणी येतं. पाहुणे सेवक दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जातात आणि ते लेकरू तो शब्द डोक्यावर घेऊन घरी येतं. आता ते प्रार्थनेला बसलं तरी विचारणार काय? उत्तर तर माईकवरून जाहीर झालेलं असतं.

म्हणूनच मला बायबलमधल्या १ शमुवेलचा तिसरा अध्याय इतका मोलाचा वाटतो. रात्री देव लहान शमुवेलाला हाक मारतो आणि मंदिरातला याजक एलीच बोलावतोय असं समजून तो पुन्हा पुन्हा एलीकडे धावत जातो, ती ही गोष्ट. शब्बाथ शाळेत आपण तो चित्रं दाखवून शिकवतो आणि सगळं लक्ष मुलाकडे देतो. मला आता म्हाताऱ्या एलीकडे पाहावंसं वाटतं. शमुवेलाच्या आईने, हन्नाने, नवस केला होता, लेकरू प्रभूला वाहिलं होतं, ते मंदिरातच वाढत होतं. तरीही त्याच अध्यायात लिहिलंय की शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. आईचा नवस खरा होता, पण हाक त्या मुलाला स्वतःलाच ऐकावी लागली. "आम्ही याला जन्माआधीच प्रभूला दिलंय" असं म्हणणाऱ्या आईवडिलांनी हे वचन जरूर पुन्हा वाचावं.

आणि एली? तिसऱ्यांदा मुलगा धावत आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हाक मारणारा देव आहे. तो याजक होता, वयाने मोठा होता. "थांब बाळा, मी विचारतो देवाला आणि सांगतो तुला," असं म्हणायला त्याला कुणी अडवलं नसतं. त्याने मुलाला परत झोपायला पाठवलं आणि पुन्हा हाक आली तर काय म्हणायचं एवढंच शिकवलं: "बोल, तुझा दास ऐकत आहे." देव काय बोलेल याचा अंदाजसुद्धा त्याने सांगितला नाही. सकाळी कळलं की तो निरोप एलीच्याच घराण्याच्या न्यायाचा होता. एलीने मध्ये बसून ऐकलं असतं तर तो निरोप मुलापर्यंत जसाच्या तसा पोहोचला असता का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मुलगे बिघडले तेव्हा एली कमी पडला, हे शास्त्रच सांगतं. पण त्या रात्री तो आपल्या सगळ्यांपेक्षा चांगला वडीलधारा होता.

माझ्या ओळखीची एक मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्या समाजात नर्सिंगचं मोल मी सांगायला नको. १८९४ साली मिशनरी डॉ. वानलेस यांनी मिरजेत दवाखान्याचं काम उभं केलं तेव्हापासून कितीतरी ख्रिस्ती घरं या कामावर उभी राहिली. तर या मुलीला असंच एका सभेत सांगण्यात आलं की हे शिक्षण जगाचं आहे, प्रभू तुला वेगळं काढतोय. ती माझ्याकडे आली तेव्हा पिशवीत प्रॅक्टिकलची वही होती. तिने ती उघडून दाखवली. प्रत्येक बाळंतपणाची नोंद, बाळाचं वजन, वेळ, खाली सिस्टरची सही. एका पानावर शाई पसरली होती. मी विचारलं तर म्हणाली, त्या रात्री पहिलटकरणीने माझं मनगट सोडलंच नाही, ओल्या हातानेच लिहिलं. "तेव्हा प्रार्थना करत होतीस?" "मनातल्या मनात, सारखी." मग खाली मान घालून म्हणाली, "मावशी, मी हे सोडलं नाही तर प्रभू माझ्यावर रागावेल का?"

हा प्रश्न ऐकून मला फार वाईट वाटलं. बाळंतिणीच्या उशाशी उभी राहून देवाशी बोलणाऱ्या लेकराला आपण देवाची भीती घातली. तू नर्सच हो, असंही मी तिला म्हटलं नाही, कारण तीही ढवळाढवळच झाली असती. दोघींनी मिळून शमुवेलाचा तो अध्याय वाचला आणि रोज त्याच वेळी, तेच एक वाक्य म्हणून गप्प बसायचं ठरवलं. ती शिकते आहे. पुढचं तिचं आणि प्रभूचं.

यावर शास्त्र जाणणारी माणसं मला म्हणतात, एलिया संदेष्ट्याने अलीशावर झगा टाकून त्याला सेवेला बोलावलं, शमुवेलाने दाविदाला अभिषेक केला, ते काय होतं? खरं आहे. पण पुढे वाचा. अलीशा निरोप घ्यायला घरी जाऊ का म्हणाला तेव्हा एलियाने त्याला धरून ठेवलं नाही, जा म्हणाला. दावीद तेलाने माखलेलं डोकं घेऊन पुन्हा मेंढरांकडे गेला. शौल राजाचे लोक त्याला बोलवायला आले तेव्हा तो मेंढरांजवळच होता. अंत्युखियाच्या मंडळीनेही उपास करून बर्णबा आणि शौल (म्हणजे पुढचा प्रेषित पौल) यांच्यावर हात ठेवले, पण तिथे आत्म्याचे शब्द असे आहेत की ज्या कामासाठी मी त्यांना बोलावलं आहे त्यासाठी त्यांना वेगळं करा. बोलावणं आधीच झालेलं होतं. मंडळीने त्याला साथ दिली.

प्रेषितांच्या कृत्यांतला एकविसावा अध्याय तर प्रत्येक प्रार्थना-पुढाऱ्याने वाचावा. कैसरियात फिलिप्पाच्या घरी अगब संदेष्टा आला, त्याने पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधले आणि यरुशलेमेत पौलाला असंच बांधतील म्हणून सांगितलं. संदेश खरा निघाला. पण सगळ्यांनी त्यावरून काढलेला अर्थ, की पौलाने जाऊ नये, तो पौलाने मानला नाही. ती माणसं त्याच्यावर जीव लावणारी होती, रडत होती. शेवटी त्यांनी आपला हट्ट सोडला आणि प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो म्हणाले. मला संदेशांचा धिक्कार करायचा नाही. पौलच थेस्सलनीकाकरांना सांगतो की धिक्कार करू नका, आणि लगेच पुढे सांगतो की सगळ्याची पारख करा. आपण पहिलं घेतलं आणि दुसरं सोडून दिलं.

आपल्या मराठी मंडळीचा इतिहास तर याच पारखीवर उभा आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्यावर मुलीसारखी माया करत. तरी रमाबाईंनी काय मानावं, कुणाला शिकवावं, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवलेलं चालेल का, हे बाकीचेच ठरवू लागले, अगदी बिशपांपर्यंत. रमाबाईंनी पत्रातून कळवलं की मलाही सदसद्विवेकबुद्धी आहे, देवाने दिलेल्या शक्तीने मी स्वतः विचार करीन. परक्या देशात, ज्यांच्या आश्रयाला राहिलो त्यांना असं लिहायला किती प्रार्थना लागली असेल! मुंबईत १८८९ साली विधवांसाठी त्यांचं शारदा सदन सुरू झालं ते त्यानंतर. मध्य प्रांतात १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील आणि बहीण त्यांनी दुष्काळातच गमावले होते. त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन आजही उभं आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. एवढा प्रतिभावान, एवढा प्रार्थनाशील नवरा, पण त्यांची वाट बाईंना लगेच चालता आली नाही. ताटातूट, अश्रू, सगळं झालं आणि त्या १९०० साली प्रभूकडे आल्या त्या स्वतःच्या पायांनी. टिळकांनी तरी १९१७ मध्ये, पंचावन्नच्या पुढे, मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. पाचारण तरुणांच्या शिबिरातच मिळतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हेही ध्यानात ठेवावं.

आमच्या पाळकसाहेबांपुढे आणि कमिटीपुढे मी एक मागणी ठेवली आहे. मे महिन्याच्या शिबिरात पाचारणाबद्दल संदेश जरूर व्हावा, पण कुणाला त्याच क्षणी उभं राहायला सांगू नये. ज्याच्या मनात काही हललं असेल त्याने पाळकांना खाजगीत सांगावं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याने वर्षभर त्याच्यासोबत प्रार्थना करावी, त्याचं शिक्षण चालू ठेवावं आणि आपलं मत शेवटपर्यंत मागे ठेवावं. पाहुण्या सेवकांना काही दाखवलं गेलं असेल तर त्यांनी ते आधी पाळकांच्या कानावर घालावं. कमिटीतल्या दोघांना हे पटलेलं नाही. आत्म्याला बांधू नका असं ते म्हणतात, आणि त्यांची कळकळ खरी आहे हे मी जाणते. पुढच्या बैठकीत यावर निर्णय आहे. तुमच्या मंडळीत वेगळी पद्धत असेल, किंवा तुमच्या बाबतीत असा दुसऱ्याने सांगितलेला शब्द खरोखर प्रभूचा निघाला असेल, तर खाली सविस्तर लिहा. बैठकीत मी तेही वाचून दाखवीन.