'आठवीनंतर शाळा कशाला?' या मेसेजला एका आयटीआय निदेशकाचं उत्तर

दहावीचा निकाल लागला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला सहा ग्रुपांवर आला, त्यातला एक तर आमच्याच माजी विद्यार्थ्यांचा. मजकूर साधारण असा : "जर्मनीत ७५ टक्के तरुण व्यवसाय शिक्षण घेतात, दक्षिण कोरियात ९६ टक्के, भारतात फक्त ५. आपले ८० टक्के इंजिनियर नोकरीच्या लायकीचे नाहीत. पदवीधर बेकार फिरतो, अडाणी माणूस कधी बेकार नसतो. भाजीवाल्याच्या पोराला तोंडी हिशेब येतो, शाळेतल्या पोराला येत नाही. गांधीजींनी हेच सांगितलं होतं. आठवीनंतर शाळा बंद करा, पोरांच्या हातात हत्यारं द्या."

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला, म्हणजे यंत्रांचे भाग घासून-मापून जुळवण्याच्या कोर्सला शिकवतो. पोरांच्या हातात हत्यारं देणं हेच माझं काम. म्हणून लोक हा मेसेज मला आपला माणूस समजून पाठवतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे, आणि ते मी वर्कशॉपमध्येच शिकलोय.

आधी हत्यारांचंच बोलू. नवीन पोरगा आला की पहिले काही आठवडे कानस, हॅकसॉ, बेंच व्हाइस. माइल्ड स्टीलचा तुकडा घासून काटकोनात आणायचा. हाताला फोड येतात, पण हात शिकतो. शेतात राबलेल्या पोरांचा हात तर आमच्यापेक्षा लवकर बसतो. अडतं ते पुढे, व्हर्निअर कॅलिपर हे बारीक माप घ्यायचं, दोन पट्ट्यांचं साधन हातात दिल्यावर. मुख्य पट्टीवर २४, व्हर्निअरची तेरावी रेघ जुळली, लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर. तेरा गुणिले ०.०२ म्हणजे ०.२६, माप २४.२६. दरवर्षी निम्म्या वर्गाच्या वहीत २४.१३ किंवा २४.०२६ सापडतं. २४.३ मोठं की २४.२६ असं विचारलं, तर '२६ मोठे' म्हणून २४.२६ सांगणारी पोरं दहावी पास असतात. ड्रॉइंगवर २५ ± ०.०४ लिहिलेलं असतं. म्हणजे जॉब (घडवलेला तुकडा) २४.९६ ते २५.०४ च्या आत बसला पाहिजे. हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हातात कितीही सफाई असली तरी जॉब रिजेक्टच होतो. कंपनीत गेल्यावर त्याला मशीनवर ठेवत नाहीत, माल उचलायला ठेवतात. फिटरचं सर्टिफिकेट घेऊन हेल्परचं काम करणारी माझी पोरं आहेत. त्यांना हत्यार चालवता येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्यांचे दशांश अपूर्णांक पाचवी-सहावीतच राहून गेले होते.

आता आकडे. ५, ७५ आणि ९६ हे तिन्ही २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात छापलेले आहेत, तेव्हा मेसेज लिहिणाऱ्याने ते मनाने काढलेले नाहीत. पण त्यांचा अर्थ काय? भारताच्या ५ टक्क्यांत फक्त औपचारिक प्रशिक्षण मोजलंय. उस्तादाच्या हाताखाली शिकलेला गॅरेजवाला, बापाकडून शिकलेला सुतार त्यात येत नाही. सरकारच्याच २०२२-२३च्या श्रमशक्ती पाहणीत १५ ते २९ वयोगटातले ४.४ टक्के औपचारिक आणि आणखी १६.६ टक्के अनौपचारिक मार्गाने शिकलेले होते. आणि कोरिया? ज्या देशाचं उदाहरण देऊन 'कॉलेज सोडा' म्हणतात, तिथे २५ ते ३४ वयाचे जवळपास ७० टक्के लोक उच्चशिक्षित आहेत. हे प्रमाण जगात सर्वाधिक गणल्या जाणाऱ्यांपैकी आहे. शाळा अर्धवट सोडून कोरिया इथवर आलेला नाही.

जर्मनीबद्दल मला मनापासून आदर आहे. आमच्या क्षेत्रात त्या पद्धतीसारखं दुसरं काही नाही, म्हणून तिचं अर्धवट चित्र पाहून वाईट वाटतं. तिथला उमेदवार आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले दिवस व्यवसायशाळेत असतो. त्या शाळेत तो ट्रेडची थिअरी आणि गणित शिकतो, शिवाय जर्मन भाषा आणि नागरिकशास्त्रही. कंपनी त्याला पगार देते आणि परीक्षा उद्योग-व्यापार मंडळं घेतात. हे सगळं कायद्याने बांधलेलं आहे. मुख्य म्हणजे नऊ-दहा वर्षांची सक्तीची शाळा पूर्ण केल्यावरच हे सुरू होतं, आणि सुरुवात करणाऱ्यांचं सरासरी वय विशीच्या जवळ असतं. आपल्याकडेही १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१९च्या बदलानंतर ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणं बंधनकारक आहे. जर्मनीसारखं व्हायचं असेल, तर मेसेज पालकांच्या ग्रुपवर कशाला? कारखानदारांच्या ग्रुपवर पाठवा.

'८० टक्के इंजिनियर नालायक' हे वाक्य अॅस्पायरिंग माइंड्स या कंपनीच्या अहवालातून आलं, २०१६च्या सुमाराला. ही कंपनी नोकरीसाठीच्या चाचण्या विकायची आणि अहवाल त्याच चाचण्यांवर आधारलेला होता. २०२३-२४च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने वेगळ्या चाचणीचा आकडा घेतला. त्यात पदवीधर तरुणांपैकी ५१.२५ टक्के रोजगारक्षम ठरले. चाचणी बदलली की आकडा इतका हलतो. कॉलेजांची अवस्था चांगली आहे असं मी म्हणत नाही. पण त्या मुलांना कॉलेजात यायच्या आधीच वाचन आणि गणित नीट आलेलं नव्हतं. शाळा दोन वर्षं आधी बंद करून ते येईल कसं?

सगळ्यात जास्त चीड येते ती 'अडाणी माणूस बेकार नसतो' या ओळीची. आकडा खरा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२मध्ये तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४ टक्के. पण बेरोजगार कोणाला म्हणतात? जो काम शोधतोय आणि ज्याला ते मिळत नाही त्याला. ज्याच्या घरी उद्याचं पीठ नाही, त्याला काम शोधत बसणं परवडत नाही. तो सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो आणि मिळेल त्या रोजावर जातो. पाहणीत तो 'कामावर' दिसतो. ऊसतोडीला कोयता घेऊन गेलेलं जोडपंही बेकार नसतं. हे सुख असेल, तर मेसेज पुढे पाठवणाऱ्याने आपल्या मुलाचा सीईटीचा क्लास बंद करावा. माझ्या ओळखीतल्या एकानेही केलेला नाही. सल्ला नेहमी दुसऱ्याच्या पोरासाठी असतो.

भाजीवाल्याच्या पोराचं उदाहरण अगदी ताजं आहे, आणि तेही अर्धंच सांगितलंय. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं किलो-ग्रॅमचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करत होती. तीच आकडेमोड वहीतल्या गणितासारखी समोर ठेवली की बहुतेक अडत होती. शाळेतल्या मुलांचं बरोबर उलट. म्हणजे बाजारातलं ज्ञान कागदावर आपोआप उतरत नाही आणि कागदावरचं बाजारात आपोआप जात नाही. मध्ये पूल बांधणारा शिक्षक लागतो. मेसेजवाला त्यातून 'शाळा नको' कसं काढतो, ते मला समजत नाही.

गांधीजींचं थोडक्यात. १९३७च्या वर्धा परिषदेने मागितलं होतं ते सात वर्षांचं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतलं शिक्षण, हस्तोद्योग मध्यभागी ठेवून. चरख्यातून गणित आणि विज्ञान शिकवायचं, चरख्यासाठी ते सोडायचं नाही. हेच सूत्र डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढून पुढे नेलं. त्यांच्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती अशी प्रत्यक्ष कामं करतात, गावाच्या उपयोगाची, आणि उरलेले दिवस शाळा. हात आणि डोकं एकाच मुलाचं असतं, हे तिथे बघायला मिळतं.

खरी अडचण किती मोठी आहे तेही सांगतो. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेच्या २०२३च्या 'असर' पाहणीत १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या भाषेतला दुसरीचा धडा सलग वाचू शकत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्यांहून जास्त जणांना जमलं नाही. हीच मुलं माझ्याकडे येतात. यावर उपाय नाही असंही नाही. मुंबई आणि वडोदऱ्यात 'बालसखी' कार्यक्रमात वस्तीतल्याच तरुण मुली मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून वाचन आणि आकडे शिकवत. बॅनर्जी-डुफ्लो यांनी त्याचा परिणाम मोजला आणि मुलांची प्रगती दिसली. इयत्ता कोणतीही असो, मुलाला जिथपर्यंत येतं तिथून सुरुवात करायची, एवढीच त्यातली युक्ती.

आमच्या संस्थेत आम्ही दोघं-तिघं निदेशक तेच करायचा प्रयत्न करतो. पहिले तीन महिने प्रॅक्टिकलच्या आधी एक तास, व्हर्निअर बाजूला ठेवून साधी मोजपट्टी आणि दशांश. हा तास वेळापत्रकात नाही, त्याला वेगळा शिक्षक नाही, आणि एखादा निदेशक बदलून गेला की तो बंद पडतो. प्रत्येक आयटीआयच्या वेळापत्रकात हा तास यावा, त्यासाठी गणिताचा माणूस मिळावा, आणि आठवी-नववीतच अशा मुलांसाठी शाळेत रोज एक तास ठेवावा, ही माझी मागणी आहे. मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर हा पाठवा.