बंद झाल्यावर गळा काढणारे

गिरगावातलं एक जुनं हॉटेल या महिनाअखेरीस बंद होतंय. बातमी फुटल्यापासून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर नुसती रडारड. "एका युगाचा अंत!" "आपलं बालपण गेलं रे!" अरे, तू बोरिवलीत वाढलास. तुझं बालपण इथे आलं होतं कधी?

डोकं फिरतं नुसतं. एरवी संध्याकाळी निम्मी टेबलं रिकामी असायची, वेटरकाका गल्ल्याला टेकून पेपर वाचायचे. आता रांग पार पुढच्या गल्लीपर्यंत. ज्या काकांना आजवर कुणी नाव विचारलं नाही, त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतायत. बटाटावडा गारढोण होईस्तोवर त्याचं शूटिंग. आणि रोज चहाला येणारे पेन्शनर आजोबा बाहेर उन्हात उभे!

दरवेळी हेच. जहांगीर आर्ट गॅलरीतलं १९६४ पासूनचं सामोवार कॅफे २०१५ मध्ये बंद झालं, तेव्हा ते गॅलरीच्या आत होतं हेही ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी आठवणींचे लेख पाडले. पुढच्याच वर्षी काळा घोडा भागातलं गाण्यांच्या सीडींचं दुकान, ऱ्हिदम हाऊस, गेलं, तर जन्मभर फुकटात गाणी डाउनलोड करणारे सीडीच्या आठवणीने गहिवरले. २०१८ मध्ये स्ट्रँड बुक स्टॉल. शानभागांनी १९४८ मध्ये सुरू केलेलं, सवलतीत पुस्तकं देणारं दुकान. तिथे उभ्याने पुस्तक चाळायचं आणि घरी येऊन ऑनलाइन मागवायचं, हे फुशारकीने सांगणारा आमच्याच ग्रुपमधला महाभाग. सगळ्यात मोठी श्रद्धांजली त्याचीच!

मान्य आहे, जागेचे भाव, पुनर्विकास, पुढच्या पिढीला गल्ल्यावर बसायचं नसतं, ही कारणं असतातच. पण मग तुम्ही कुठे होतात? "टाउनला यायला लांब पडतं ना." मॉलमधल्या साडेतीनशेच्या कॉफीसाठी ट्रॅफिकमध्ये दीड तास बसता तेव्हा लांब पडत नाही?

गॅलऱ्यांचंही तेच. जहांगीर १९५२ पासून आहे, आत जायला एक पैसा लागत नाही. तिथला हॉल मिळावा म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं थांबतो, आणि प्रदर्शन लागलं की दाराकडे डोळे लावून बसतो. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव आला की त्याच दारासमोर मुंगी शिरायला जागा नसते. सगळे रस्त्यावरच्या मांडणीशिल्पापुढे ओठांचा चंबू करून उभे. अहो, दार उघडं आहे! फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्याला "कितीला?" विचारायचं आणि उत्तर यायच्या आत पुढे सटकायचं, ही वर आणखी रसिकता.

धोबीतलावचं इराणी हॉटेल कयानी १९०४ चं आहे, अजून चालू आहे. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं, दुपारी जेवायला उघडं असतं. जा की तिथे! ग्रुपवर मी हे लिहिलं, तर दोन अंगठे आले आणि विषय बदलला.

आता त्याच रडणाऱ्यांपैकी एकीचा प्रश्न आलाय: "रविवारसाठी असंच जुनं, ऑथेंटिक वाटेल असं हॉटेल सुचवा ना. एसी आणि व्हॅले पार्किंग मस्ट."