सुषुप्ती, साक्षी आणि मेंदू: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. झोपेवरच्या माझ्या लेखाला तुमचे आक्षेप दोन. गाढ झोपेतही मेंदूच्या पेशी कामात असतात असं लिहूनही जाणीव कुठे जाते हे मी सांगितलं नाही. आणि ‘सुखाने झोपलो, काही कळलं नाही’ असं सकाळी आपण म्हणतो, त्याअर्थी झोपेतही साक्षी (सगळं नुसतं पाहणारी आतली जाणीव) जागा असतो, हा वेदान्ताचा मुद्दा मी विचारातच घेतला नाही.

पेशी चालू आणि जाणीव गुल, यात विसंगती दिसते ती जाणीव म्हणजे पेशींच्या कामाची बेरीज असं धरून चाललो तरच. २००५ साली मास्सिमिनी, टोनोनी या मेंदूसंशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या डोक्यावर बाहेरून चुंबकीय ठोका दिला. जागेपणी त्याचे पडसाद मेंदूच्या दूरदूरच्या भागांत उमटले. गाढ झोपेत तोच ठोका सुरुवातीला जोरात उमटला, पण जागच्या जागीच विरला. या झोपेत कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) पेशी एकदम चेततात आणि एकदम गप्प होतात. मिरवणुकीत सगळे एकाच ठेक्यावर टाळ्या वाजवू लागले की गलका प्रचंड, पण कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही, तसं काहीसं. काम थांबत नाही, भागांमधली देवाणघेवाण तुटते. माझ्या मते जाणिवेचा मामला तिथे आहे.

आता साक्षी. सकाळचं ते वाक्य म्हणजे आठवण, आणि आठवण आहे म्हणजे झोपेत अनुभव होता, असं अद्वैती (अद्वैत वेदान्त मानणारे) म्हणतात. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांना, ते मान्य नाही. ते त्याला जागं झाल्यावर काढलेलं अनुमान म्हणतात. म्हणजे हा वाद विज्ञानाने बाहेरून आणलेला नाही, घरातलाच आहे (आणि चांगलाच जुना). मी नैयायिकांच्या बाजूचा: ते वाक्य जागा झालेला मेंदू बोलतो, झोपलेला नव्हे.

तरी एक गोष्ट तुमच्या बाजूने जाते. मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलेला रुग्ण डॉक्टरांच्या सूचना पाळतो, उत्तरंही देतो, आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही. तेव्हा ‘आठवत नाही, म्हणजे जाणीव नव्हती’ असं मीही म्हणणार नाही. त्यापेक्षा झोपेतून उठवून त्याच क्षणी विचारलेलं बरं. प्रयोगशाळांत तसं विचारतात, तेव्हा गाढ झोपेतून उठलेले काही जण स्वप्न सांगतात, काही म्हणतात काहीच नव्हतं, आणि काही म्हणतात, ‘काहीतरी चाललं होतं, पण काय ते सांगता येत नाही.’ तुमचा साक्षी शोधायचाच, तर या तिसऱ्यांना आधी विचारावं लागेल.