आपल्याकडे ही परंपराच नाही म्हणे

आज भाच्याबरोबर पणजीला सुऱ्यांचं प्रदर्शन बघायला गेले होते आणि डोकं तापवून घरी आलेय. घरातले सगळे झोपले, ऐकायला कुणी उरलं नाही, म्हणून तुमच्या माथी मारतेय.

आधी चांगलं ते सांगते, नाहीतर म्हणाल हिला सगळीकडे खोटच दिसते. प्रदर्शन देखणं होतं. हॉटेलातला लहानसा हॉल, मोजकीच टेबलं, काळ्या कापडावर मांडलेल्या हातघडणीच्या सुऱ्या. काही टेबलांवर घडवणारे स्वतः बसलेले, काहींवर जमवणारे. जमवणाऱ्यांच्या टेबलावर 'विक्रीसाठी नाही' अशा चिठ्ठ्या आणि चेहऱ्यावर नातवंडं दाखवायला आणल्याचं कौतुक. हे वेड माझ्या भाच्याचं. तो हॉटेलच्या किचनमध्ये आहे, पगार झाला की त्याच्या डोक्यात जपानी सुरीच येते. मी आपली सोबतीला.

पण खरं सांगू, मीच जास्त रमले. एका सुरीच्या पात्यावर अशी लहरींची नक्षी होती की मी वाकून बघतच राहिले. दोन जातींचं पोलाद एकावर एक रचायचं, भट्टीत लाल-पिवळं करायचं, घणाखाली एकजीव करायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. शेवटी पातं आम्लात बुडवलं की निकेलवाले थर चकचकीत राहतात आणि बाकीचे काळे पडतात. नक्षी रंगवलेली नसते, ती पोलादाच्या पोटातूनच वर येते. दुसऱ्या एका सुरीची मूठ माडाच्या लाकडाची होती, काळ्या-तपकिरी रेघांची, अशी गुळगुळीत की हातातून खाली ठेववेना. आमच्या मागच्या दारी असे माड पडून कुजले, चुलीत गेले. कुणाच्या मनातही आलं नाही.

तिथली रीतही आवडली मला. न विचारता उचलायचं नाही. पात्याला बोट लावायचं नाही, कारण हाताच्या घामाने गंज चढतो. आणि सुरी थेट हातात देत नाहीत, टेबलावर ठेवतात, मग समोरच्याने उचलायची. माझ्या आजीने बघितलं असतं तर खूश झाली असती. आमच्याकडे सुरी हातातून हातात दिली की भांडण होतं म्हणत. पाटावर ठेव, मी घेते.

तर असं सगळं छान चाललेलं असताना शेजारचे लिननचा शर्ट घातलेले एक गृहस्थ त्यांच्या मित्राला म्हणाले, "आपल्याकडे ही परंपराच नाही ना. आपल्याकडे काय, कोयते!" आणि हसले. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. टेबलामागचा मुलगाही कसंनुसं हसला.

कोयते! म्हणे!

मी तिथे काही बोलले नाही. भाच्याने माझा दंड धरला होता, त्याला माझा स्वभाव माहीत आहे. पण गाडीत बसल्यापासून मला आमच्या मेस्तकाकांचं तोंड दिसतंय.

मेस्तकाका म्हणजे आजोळचे लोहार. फोंड्याकडचं गाव. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी आजीची आदोळी (पाटावर बसवलेली, टोकाला नारळ खवायचे दाते असलेली विळी) त्यांच्याकडे जायची, कारण चवथीला नारळ किती लागतात ते तुम्हाला सांगायला नको. नेवऱ्या, पातोळ्या, रोजची आमटी, आलागेला. आदोळीच्या टोकाचे दाते बोथट झाले की खोबरं नीट निघत नाही, मग बायकांची बोटं सोलतात आणि दिवसभर घरात तोंडं वाकडी. मेस्तकाका ते दाते कानशीने एकेक करून उभे करायचे. घाई नाही. मी उंबऱ्यावर बसून बघायची, भात्याचा वास, कोळशाचा वास. एका वर्षी आदोळी हातात घेतली, उलटी केली, पात्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि आजीला म्हणाले, "ही म्हजी न्हय. म्हज्या बापायची."

आजीलाही ते माहीत नव्हतं. तिच्या सासूच्या वेळची वस्तू. तिने विचारलं, कशावरून? तर म्हणाले, "तो फाटीक दोन घाय चड मारतालो."

पात्याच्या पाठीवर दोन घाव जास्त. तेवढ्यावरून बापाचं काम ओळखलं. नाव नाही, शिक्का नाही, तारीख नाही.

आज त्या हॉलमध्ये जो तो भिंग लावून पात्यावरची घडवणाऱ्याची खूण शोधत होता. कुणाची खूण आहे त्यावर किंमत. आणि परंपरा आपल्याकडे नाही!

आता जरा इतिहासात शिरते. कंटाळा आला तर खाली सरका. ज्या पोलादाला जग दमास्कसचं म्हणतं, ते कुठून जायचं? दक्षिण हिंदुस्थानातून. बंद मुशीत लोखंड आणि लाकूड-पाला घालून तासन्‌तास तापवून केलेलं वुट्झ पोलाद. पश्चिम आशियातल्या कारागिरांनी त्याच्या तलवारी केल्या, नाव दमास्कसचं झालं. विजेच्या शोधांसाठी आपण शाळेत ज्याचं नाव पाठ केलं तो मायकेल फॅरडे, त्याने १८१९ साली या हिंदुस्थानी पोलादाचं पृथक्करण केलं होतं. तो लोहाराचा मुलगा, त्याला कळणारच. कच्छमध्ये रेहा गावात आजही चाकू-सुऱ्या घडतात. कर्नाटकातल्या कोडगूचे लोक आपली पीचेकत्ती, म्हणजे कट्यारीसारखी सुरी, कमरेला लावून लग्नाला उभे राहतात. रामपुरी चाकू तर सिनेमामुळे बदनाम झाला, नाहीतर तोही कारागिरीचाच नमुना.

आणि गोवा? अल्फोन्सो द अल्बुकर्कने १५१३ साली इथल्या बंदुका करणाऱ्या कारागिरांची तारीफ पोर्तुगालच्या राजाला लिहून कळवली होती. ज्याने हे शहर तलवारीने घेतलं, त्याला इथल्या लोहाराचा हात दिसला. ५०० वर्षांनंतर लिननचा शर्ट घातलेल्या आपल्याच माणसाला तो दिसू नये?

बरं, आता मान्य करते. प्रदर्शनातली सुरी आणि पाडेल्याचा, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याचा, कोयता एक नव्हे. ती मुलं एकेका सुरीवर आठवडे घालतात, घासताना बोटांची सालं जातात, त्यांनी १८,००० सांगितले तर ते फुकटचे नव्हेत. ठीक. पुढे.

एका टेबलावर मी विचारलं, हे पोलाद कुठलं? मुलगा उत्साहाने आकडा म्हणाला, ५१६०. म्हटलं, म्हणजे काय रे बाबा? तर म्हणाला, स्प्रिंग स्टील, ट्रकच्या पाट्यांचं असतं ना, त्या जातीचं. मला हसूच आलं. अरे, आमच्या मेस्तकाकांच्या भट्टीबाहेर ट्रकचे तुटके पाटे उभे करून ठेवलेले असायचे! गॅरेजवाल्याकडून आणायचे, तोडायचे, त्याचे कोयते करायचे. त्यांना आकडा माहीत नव्हता. पण कुठला पाटा पाणी धरतो (तापवून पाण्यात बुडवला की कडक होतो) आणि कुठला तडकतो ते ठिणगी बघून सांगायचे. पातं लाल झालं की भट्टीच्या अंधारात रंग बघायचा, मग पाण्यात किती बुडवायचं, कधी बाहेर काढायचं, धारेकडे कडक आणि पाठीकडे मऊ कसं ठेवायचं. तिथे त्याच गोष्टीवर एकजण मोबाईलवर आलेख दाखवून अर्धा तास बोलत होता आणि लोक भक्तिभावाने ऐकत होते. मीही ऐकत होते. छान सांगत होता हो तो.

अमेरिकेत म्हणे सुरीवाल्या लोहारांची संस्था आहे आणि तिची परीक्षा असते. हे भाच्याचं ज्ञान. लोंबकळणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडायची. मग त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून नव्वद अंशात वाकवायचं, तुटता कामा नये. ऐकून मी खरंच गार पडले. काय कसोटी आहे! पण पाडेली कमरेच्या आकडीला कोयता अडकवून माडावर चढतो, वर एका हाताने खोडाला धरून दुसऱ्या हाताने झावळ तोडतो, नारळांची पेंड (घड) पाडतो, खाली येतो, पुढच्या माडावर. तिथे कोयता तडकला तर काय होईल? ती परीक्षा कुणी घेत नाही, तिचं प्रमाणपत्र नसतं. आणि तो कोयता म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात साडेतीनशेला मिळतो आणि आपण म्हणतो, तीनशेला दे.

आपणच म्हणतो. तेच लोक. आज हॉलमध्ये किमतीची चिठ्ठी बघून "कला आहे हो, मोल नाही" म्हणणाऱ्या बाईंना मी ओळखते. बाजारात लोहाराच्या पालासमोर पन्नास रुपयांसाठी पाठ फिरवून चार पावलं चालून दाखवणाऱ्यांतल्या त्या. परत बोलावतो मग तो. बोलावणारच, उन्हात बसलेला असतो.

दारावर एक पाटीही होती, ९ इंचांहून लांब पातं आणू नये, कायद्याचं काहीतरी. शेतीच्या आणि घरच्या हत्यारांना ती अट नाही, म्हणजे कायद्यालाही कोयता कामाचा वाटतो. पण पुण्याकडच्या त्या कोयता गँगच्या बातम्यांनी वाट लावली. आता कोयता म्हटलं की लोकांना माड आठवत नाही, गुंड आठवतो.

सगळ्यात जास्त मन कशाने ढवळलं ते अजून सांगितलंच नाही. निघता निघता त्या माडाच्या मुठीवाल्या मुलाशी पुन्हा बोलले. तो कसंनुसं हसलेला मुलगा तोच. मी विचारलं, पात्याला पाणी द्यायला कुठे शिकलास? आधी म्हणाला, ऑनलाइन. मग हळू आवाजात म्हणाला, "मावशी, खरं म्हणजे गावच्या लोहाराकडे. दोन पावसाळे त्यांच्याकडे भाता ओढला." मी म्हटलं, मग हे तुझ्या कार्डावर का नाही? कार्डावर त्याचं नाव होतं, इंग्रजीत, गोल शिक्क्यात. तो म्हणाला, "तसं कुणी विचारत नाही."

मला त्याचा राग नाही आला. त्यालाही पोट आहे, आणि हात चांगला आहे त्याचा, देवाने बरकत देवो. पण त्या म्हाताऱ्याने दोन पावसाळे शिकवलं, आणि त्या अख्ख्या हॉलमध्ये त्याचं नाव घ्यायला जागा नव्हती. एक खुर्ची टाकून त्याला बसवलं असतं तर त्या लिननवाल्याला कळलं असतं परंपरा कुठे बसते ते.

मेस्तकाकांनी बापाचे दोन जास्तीचे घाव ओळखले होते. ह्या मुलाच्या सुरीत त्या म्हाताऱ्याचे किती घाव आहेत ते कोण ओळखणार?

कुणीतरी लगेच सांगेल, ताई, सरकारची विश्वकर्मा योजना आहे ना, तिच्या १८ धंद्यांत लोहार आहे, अवजारांसाठी १५,००० मिळतात. मिळोत की, चांगलंच आहे. पण ऐरण मिळाली तरी गिऱ्हाईक कुठून आणणार? मेस्तकाका गेले, त्यांचा मुलगा बोटीवर आहे आणि भट्टीच्या जागी आता त्याची गाडी उभी असते. मी त्याला दोष देत नाही. बोटीवरच्या पगाराने त्याची पोरं शिकली. आपण तीनशेला दे म्हणत असताना त्याने काय म्हणून कोळसा फुंकत बसावं?

आणि भाच्याची जपानी सुरी! आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीचं लोखंडाचं खनिज बार्जमधून मुरगाव बंदरात आणि तिथून वर्षानुवर्षं जहाजांनी जपानला गेलं. डोंगर पोखरले, शेतं लाल चिखलात गेली. आणि आता आमचा मुलगा पगार साठवून तिकडची सुरी मागवणार. गाडीत हे बोलले तर तो म्हणतो, "मावशी, त्या सुऱ्यांचं अस्सल पोलाद वाळूतल्या लोखंडाचं असतं, तुझ्या डिचोलीचं नव्हे." नसेल. तो अभ्यास करून बोलतो, मी रागाने. पण मला जे म्हणायचं होतं ते त्याला कळलं, कारण नंतर फोंड्यापर्यंत गप्प होता.

घरी आल्यावर आजीची आदोळी माळ्यावरून काढली. आमच्याकडे आता मिक्सर आहे, खवलेला नारळ पिशवीत मिळतो, त्यामुळे ती कित्येक वर्षं वरच होती. पाट एका बाजूला वाळवीने खाल्लाय, दाते गंजलेत, पातं मात्र सरळ आहे. भाचा मोबाईलचा टॉर्च लावून पाठ बघत बसला. त्याला काही दिसलं नाही. मलाही नाही. ते दिसायला भट्टीवर जन्म जावा लागतो बहुतेक.

म्हापशाच्या बाजारात एक लोहार अजून दाते काढून देतो असं शेजारणीने सांगितलंय. पाट नवा बसवायला सुतार वेगळा बघावा लागेल, फणसाचं लाकूड कुणाकडे असेल तर कळवा. येत्या शुक्रवारी जातेय, भाच्याने सुट्टी टाकलीय. घासाघीस करणार नाही हे त्याच्याकडून वदवून घेतलंय. आणखी कुणाकडे बोथट विळ्या-कोयते पडले असतील आणि यायचं असेल तर सकाळी आठच्या आत निघावं लागेल, नंतर तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.