बंद पडल्याची बातमी

‘कनेक्शन बंद पडले आहे’ असा ईमेल मला हमखास येतो. कनेक्शन सुरू झाल्यावर! मागोमाग ‘अजूनही बंद आहे’चे पाच-सहा भाऊबंद आणि शेवटी ‘सुरू झाले’, सगळे एकाच मिनिटात. राउटरवर नजर ठेवणारी यंत्रणा राउटरच्याच मागे बसलेली, त्यामुळे लाइन गेली की बोंब मारायची तीही त्याच लाइनवरून. किल्ली हरवल्यास काय करावे याची चिठ्ठी कुलूपबंद घरात ठेवावी, तशातली गत.

साहेब म्हणाले, “अहो, डॅशबोर्ड तर हिरवागार होता!” असणारच. यंत्रणेच्या त्या फलकावर शेवटची खबर हिरवी होती, त्यानंतर खबरच आली नाही. आमच्या डॅशबोर्डच्या लेखी खबर नाही म्हणजे आलबेल.

मोठ्यांकडेही हेच. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा-एक तास गायब झालं, तेव्हा दुरुस्तीला लागणारी त्यांची आतली साधनंही त्याच नेटवर्कसोबत आडवी झाली होती. हे वाचून मला फार बरं वाटलं.

लिंक पडली की राउटर आपणहून एसएनएमपी ट्रॅप, म्हणजे बिघाडाची वर्दी, धाडतो, हे खरं. पण यूडीपी नावाच्या टपालपद्धतीने. पोचला का, हे विचारायची त्या घराण्यात रीतच नाही.

वीज जाते तेव्हा तर बहार. आमच्या राउटरच्या घड्याळाला बॅटरी नाही, त्यामुळे तो जागा होतो तो थेट १ जानेवारी १९७० ला, म्हणजे संगणकी घड्याळाच्या शून्य दिवशी, आणि एनटीपीकडून (नेटवरून वेळ सांगणाऱ्या सेवेकडून) खरी वेळ मिळेपर्यंत त्याच सालात लॉग, म्हणजे घडामोडींची रोजनिशी, लिहीत बसतो. तो लॉग वाचून साहेबांनी गंभीरपणे विचारलं, “इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

बरं, न पडता चाललेल्या राउटरचंही कौतुक नाही. अपटाइमचा, म्हणजे न थांबता किती वेळ चालला याचा, आकडा ३२ बिटांचा, मोजणी सेकंदाच्या शंभराव्या भागात. साधारण ४९७ दिवसांनी तो भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. राउटर ठणठणीत, आणि यंत्रणा ओरडते, ‘रीस्टार्ट झाला!’ दीड वर्षाच्या निमूट सेवेचं बक्षीस म्हणजे चौकशी.

शेवटी पहारेकरी बाहेर बसवला, वेगळ्याच कंपनीच्या लाइनवर. आता राउटरने दर मिनिटाला ‘आहे’ म्हणायचं; लागोपाठ तीन हजेऱ्या चुकल्या की बाहेरच्याने मला एसएमएस करायचा. एकाच चुकीवर ओरडू दिलं असतं तर माझी झोप संपली असती. शिवाय राउटरला मागच्या सगळ्या उपकरणांचा पालक नेमलं. नाहीतर तो पडला की प्रत्येक स्विच, प्रिंटर, कॅमेरा आपापल्या मरणाची स्वतंत्र वर्दी देई.

परवा लाइन गेली आणि चौथ्या मिनिटाला एसएमएस हजर! मी ऐटीत इंटरनेट कंपनीला फोन लावला. पलीकडून रेकॉर्ड केलेला मंजुळ आवाज आला, “कनेक्शन बंद असल्यास कृपया आमच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा.”